सव्वा लाख जमले आहेत: ९८ ची बुलेट, २०१३ ची क्लासिक की ताणून २०२२ ची? (नागपूर)

दिघोरीकर

नमस्कार मंडळी. माझी २०११ ची स्प्लेंडर भाच्याला देऊन राहिलो. पोट्टं हिंगणा रोडच्या कॉलेजात लागलं, त्याला गाडी पाहिजेच होती आणि मला १४ वर्षांपासून निमित्त पाहिजे होतं.

वय ४३. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसहाला दिघोरीहून निघतो, सक्करदरा, मेडिकल चौक करत सातच्या आत पोचावं लागतं. उपाशीपोटी शुगर द्यायला आलेली माणसं बाकावर बसलेली असतात आणि उपाशी माणूस उशीर माफ करत नाही. रोजचे जाऊन-येऊन १५ किलोमीटर. शिवाय महिन्यातून एक-दोनदा उमरेडमार्गे भिवापूर, सासरी, बायकोसोबत. येताना मिरचीचं बोचकं असतंच, तेही हिशेबात धरा.

बुलेटचं वेड कुठून लागलं तेही सांगतो. २००८ मध्ये भिवापूरला मुलगी पाहायला गेलो होतो. समोर कांदेपोहे, आणि शेजारच्या दूधवाल्यानं त्याच वेळी डिझेल बुलेट चालू केली. धडधड करत ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि माझं अर्धं लक्ष तिच्यामागे गेलं. मुलीनं ते पाहिलं. तरी हो म्हणाली. अजून टोमणे मारते.

आता रॉयल एनफिल्डच्याच तीन गाड्या समोर आहेत.

महालात एका रिटायर्ड गृहस्थांकडे १९९८ ची बुलेट स्टँडर्ड आहे. काळी, सोनेरी पट्टे हातानं मारलेले, रंग नवा. १ लाख १५ हजार म्हणतात. किलोमीटर विचारू नका, मीटरचा काटा शून्यावर झोपला आहे. "आरसीचं करून देऊ" असं दोनदा म्हणाले. मी एकदाच विचारलं होतं.

त्रिमूर्तीनगरला ओळखीतल्या एकाची २०१३ ची क्लासिक ३५० आहे. ४१ हजार किलोमीटर, राखाडी, ८२ हजार. गाडी बरी दिसते, सीटचं कव्हर फाटलं आहे, आणि आडवा मोठा सायलेन्सर लावला आहे. मूळचा घरी आहे म्हणतो.

आणि एका डीलरकडे २०२२ ची क्लासिक आहे. १९ हजार किलोमीटर, १ लाख ५२ हजार. माझ्या बजेटच्या वर, पण बायको म्हणते थोडं सोनं मोडून... नाही, ते मी होऊ देणार नाही. सोसायटीतून काढता येतील.

मला माणसाचा रिपोर्ट वाचता येतो, गाडीचा येत नाही. तुम्ही सांगा.

तर्री_जास्त

भाऊ, ९८ ची गाडी माह्यापेक्षा वयानं मोठी आहे. तिले नमस्कार करा अन् पुढं व्हा.

काहून डोक्याले ताप करून घेता जी? २०२२ ची घ्या, चाबी लावा, बटन दाबा, चालले. माह्या मामाकडे जुनी बुलेट आहे, तो ते चालवते कमी अन् पुसते जास्त. रविवार गेला का मामी बोलत नाही त्याच्याशी दोन दिवस.

अँपमीटर

दिघोरीकर भाऊ, या तिन्ही जाती माझ्या दारात उभ्या राहून गेल्या आहेत, म्हणून लांब लिहितो.

आधी त्या दूधवाल्याचं. डिझेल बुलेट ही निराळीच चीज होती. ३२५ सीसी, ताकद साडेसहा हॉर्सपॉवर, इंजिन शेतीपंप-जनरेटरच्या कुळातलं. तो आवाज डिझेलचा. पेट्रोल बुलेट हळू, जड, मोजून ठोके देते, डिझेल नुसती आदळते. म्हणजे तुम्ही लग्नाच्या आधीपासून जो आवाज शोधून राहिले, तो या तिघींपैकी एकीतही नाही. हे कळून घेऊनच महालात जा.

१९९१ ला मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो, गोसीखुर्दच्या कामावर. खोली पवनीला, घर नंदनवनला. तुमचा तो उमरेड-भिवापूरचा रस्ता मी १९८७ च्या सेकंड हँड बुलेटवर इतक्या वेळा केला की खड्डे तोंडपाठ होते. ती गाडी २२ वर्षं ठेवली.

तिच्या हेडलाइटच्या टोपणावर बॅटरीतला करंट दाखवणारा एक छोटा अँपमीटर असायचा, माझं इथलं नाव त्याच्यावरूनच. नव्या पोरांना वाटतं तो शोभेचा आहे. चाबी लावून किक हळू दाबत न्यायची. काटा वजा बाजूला झुकतो आणि मग परत मधोमध येतो. मधोमध आला की पिस्टन जागेवर आला समजायचं. मग इंजिनातला दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची छोटी कांडी दाबून किक जराशी पुढे सरकवायची, कांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि एकच किक, वरून खालपर्यंत पूर्ण. हे जमलं तर माझी साठ किलोची बहीणसुद्धा चालू करायची. नाही जमलं तर गाडी पाय परत फेकते, आणि ती फेक पोटरीला आठ दिवस आठवते.

तर ९८ ची गाडी घेणं म्हणजे हे सगळं रोज सकाळी साडेसहाला, बाकावर उपाशी माणसं वाट पाहत असताना.

बाकी कामंही सांगतो. पॉइंटचं, म्हणजे ठिणगीचं टायमिंग ठरवणाऱ्या तुकड्याचं, अंतर बघायचं, घासून साफ करायचा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर बसवायचे, व्हॉल्व्ह ढकलणारा पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वर-खाली हलला नाही पाहिजे. तेल कुठून तरी पाझरणारच, खाली पुठ्ठा ठेवायचा. हे अवघड नाही. मी शिकलो, तुम्ही रक्तातल्या पेशी मोजता, तुम्हीही शिकाल. अडचण वेगळी आहे. गांधीबागेकडे माझा एक मिस्त्री होता, गाडी चौकातून वळली की दुकानात बसल्या-बसल्या सांगायचा, "साहेब, टायमिंग पुढे गेलं आहे." तो गेला. पोरगा त्याच दुकानात आता स्कूटीचे बेल्ट बदलतो, आणि त्यात त्याला जास्त पैसे मिळतात, त्याचं बरोबरच आहे. जुन्या इंजिनाला हात लावणारे मिस्त्री आजही नागपुरात आहेत, पण ते सवडीनं काम करतात आणि तुम्हाला सवड नाही.

आता पायांचं. ९८ च्या स्टँडर्डला गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. ब्रेक डाव्या पायात. तुम्ही १४ वर्षं स्प्लेंडरवर उलटं शिकलात. सवय लागते हो, आठवड्याभरात लागते. पण घाबरल्यावर माणूस पहिली सवय वापरतो. माझं उलटं झालं. मेहुण्याची डाव्या गिअरची गाडी दोन आठवडे चालवली आणि परत आपल्या बुलेटवर बसलो. व्हेरायटी चौकात समोरची ओम्नी थांबली, मी उजवा पाय दाबला. ब्रेकऐवजी गिअर पडला. ओम्नीची डिकी, माझा पुढचा मडगार्ड आणि आठशे रुपये. चौकातले सगळे बघून राहिले होते ते वेगळं. आणि पुढचा ब्रेक ड्रमचा. तो लावायचा नसतो, त्याला विनंती करायची असते.

उन्हाचंही बोलतो, कारण पुण्या-मुंबईचे लोक हे सांगत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. कास्ट आयर्नचं इंजिन उशिरा निवतं. दुपारी धंतोलीत उन्हात उभी केलेली गाडी दोन वाजता काढायची तर पेट्रोलचा नळ, चोक, एक्सलरेटर यांचं गणित थंडीतल्या गणितापेक्षा वेगळं. चुकलं की गाडी पेट्रोल पिऊन बसते, मग तुम्ही घामाघूम आणि चहावाला सल्ले देतो.

मग २२ वर्षं का ठेवली? कारण भिवापूर सोडलं की संध्याकाळी रस्ता रिकामा व्हायचा, गाडी ५५-६० वर लागायची आणि जड फ्लायव्हील आपल्याच तालात फिरत राहायचं. ठोके मोजता यायचे. तेवढ्यासाठी. बाकी सगळा त्रासच होता.

२०१३ ची क्लासिक म्हणजे यूसीई, युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन, २००९ च्या क्लासिकलाही हेच होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत, म्हणून ते नाव. गंमत अशी की बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची धाव, जुन्याचेच, ७० बाय ९० मिलिमीटर, सीसी तीच ३४६. म्हणजे छाती तीच, पण अॅल्युमिनियमची. पाच गिअर, डाव्या पायात. पुढे डिस्क. टॅपेट हायड्रॉलिक, त्यामुळे ती कटकट संपली. आणि सगळ्यात मोठं, सेल्फही आहे आणि किकही. ८० च्या वर हात-पाय मुंग्या आल्यासारखे होतात, पण त्या रस्त्यावर बायको आणि मिरची मागे असताना ८० च्या वर जायचं कशाला? समृद्धीवर तर दुचाकीला बंदीच आहे.

२०२२ ची म्हणजे वेगळीच गाडी, फक्त कपडे तेच. २०२१ च्या सप्टेंबरात आली. ३४९ सीसी, ७२ बाय ८५.८, पुशरॉड गेले, कॅम वर गेला, आत थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट बसवला. चेसिस नवी, पुढून दोन नळ्यांची. ९० वर आरशात मागची गाडी ओळखू येते, जुन्यात आरशात फक्त मागे काही तरी आहे एवढं कळायचं. वजन १९५ किलो. किक नाही. बॅटरी बसली की ढकला, आणि इंजेक्शनची गाडी पार मेलेल्या बॅटरीवर ढकलूनही रुसते. एक सूचना, २०२१ ची म्हणून कोणी काही दाखवली तर मीटर बघा. त्या वर्षी दोन्ही विकल्या गेल्या. छोटा डिजिटल पडदा आणि त्यात पेट्रोलच्या कांड्या असतील तर नवी, नसेल तर जुन्या इंजिनाची.

माझ्याकडे आज २०२२ चीच आहे. वय ५९, पाठ बोलते. तुम्हाला रोज सातला पोचायचं आहे, म्हणून मी त्याच गाडीकडे बोट दाखवीन. ९८ ची दुसरी गाडी म्हणून घेता येते. पहिली म्हणून नाही. तुमची स्प्लेंडर भाच्याकडे गेली की ती पहिलीच होणार.

तर्री_जास्त

काका, मी तीन ओळीत हेच म्हटलं होतं.

अँपमीटर

तुम्ही मामीबद्दल लिहिलं, बेटा. मी पॉइंटबद्दल.

जरीपटका_ते_जंगल

मी विम्याची सर्व्हेअर आहे, गाड्या आपटल्यावर बघायला जाते. स्वतः २०१४ ची क्लासिक चालवते, सेकंड हँड घेतलेली, त्यामुळे मी मधल्या गाडीच्या बाजूनं बोलणार हे आधीच सांगून टाकते. काकांनी इंजिन उघडून दाखवलं, मी कागद उघडते.

भाऊ, "आरसीचं करून देऊ" या वाक्यावर उठून यायचं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण. ९८ च्या गाडीचं २०१३, २०१८, २०२३ असं झालेलं असायला हवं. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाका, तारीख दिसते. संपलेली असेल तर उशिराचे दर महिन्याला ३०० रुपये, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारसायकलचं शुल्क २,००० झालं आहे. पर्यावरण कर वेगळा. हे सगळं विकणाऱ्यानं भरून, आरसी हातात आल्यावर व्यवहार. आधी टोकनसुद्धा नाही.

चेसिस नंबर टॉर्च लावून वाचा, आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. नव्या रंगाखाली नंबरच्या आजूबाजूला घासल्याची चमक दिसली तर तिथून निघा. कामठीत छावणी आहे, त्यामुळे आपल्याकडे "मिलिटरी लिलावातली" म्हणून सांगितलेल्या बुलेट पुष्कळ फिरतात. काही खऱ्या असतात. खऱ्या गाडीसोबत लिलावाचा कागद असतो, गोष्ट नसते.

२०१३ वालीची नोंदणी २०२८ मध्ये संपणार, म्हणजे दोन-अडीच वर्षांत तुम्हालाही आरटीओची पायरी आहे. ही गोष्ट भाव करताना बोला. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे का बघा, दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये. कर्ज होतं का? होतं तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. नावावर करायला २९ आणि ३०. थर्ड पार्टी विमा तिन्हींचा सारखाच, ३५० सीसीच्या आतल्या गटात, वर्षाला १,३६६ अधिक कर. आणि तो आडवा सायलेन्सर, ट्रॅफिकवाले धरतात, तुम्हाला सकाळी सातला थांबायला वेळ नाही. मूळचा बसवून द्या म्हणायचं, नाही दिला तर समजायचं घरी नाहीच.

डीलरच्या २०२२ बद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कोरी क्लासिकच स्वस्त झाली. जुनीचा भाव जुन्याच हिशेबानं सांगत असेल तर हा आकडा त्याच्या टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. पुढचं तो बोलेल.

ब्रेकच्या बाबतीत काकांशी सहमत. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, १२५ सीसीच्या वर २०१९ पासून सक्तीचं झालं, म्हणून २०२२ वर आहे, २०१३ वर नाही. पावसाळ्यात मेडिकल चौकातला चिखल आठवा. मी एबीएसशिवायच चालवते, पण मी आपटलेल्या गाड्या रोज बघते, त्यामुळे हळू चालवते.

माझ्या गाडीची एक गोष्ट. रामटेकच्या गडाखाली गाडी बंद पडली. बॅटरी मरायला टेकली होती हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं आणि मी सेल्फ दाबतच राहिले. अर्धमेल्या बॅटरीवर सेल्फ दाबत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि सेल्फला इंजिनाशी जोडणाऱ्या आतल्या स्प्रॅग क्लचवर येतं. कर्रर्र असा आवाज झाला. चूक माझीच. पण किक होती ना, किक मारून घरी आले. साडेचार हजार आणि दोन दिवस. तुम्ही बघायला जाल तेव्हा सेल्फ पाच-सहा वेळा मारा, प्रत्येक वेळी गाडी बंद करून. कर्रर्र आलं की तेवढे पैसे कापा.

आणि तिन्ही गाड्या थंड बघायच्या. गरम इंजिन सगळं लपवतं.

दिघोरीकर

ताई, काका, खरंच आभार. थंड इंजिनाचं वाचलं आणि एकदम कळलं. ही तर फास्टिंगची तपासणी झाली. जेवून आलेल्या माणसाची शुगर बघून काय उपयोग? आमच्याकडेही लोक सकाळी चहा-बिस्किट खाऊन येतात आणि शपथेवर सांगतात की पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

काल महालात गेलो. गल्ली एवढी अरुंद की गाडी बघायला मागे सरकलो तर पाठ दुसऱ्याच्या दाराला लागली. हात सायलेन्सरजवळ नेला, गरम. "तुमच्यासाठी चालू करून ठेवली होती," म्हणाले. मी काही बोललो नाही. माणूस सज्जन आहे, चहा दिला, आतून त्यांच्या सौभाग्यवती दोनदा डोकावल्या, गाडी जातेय का बघायला. आरसी ऑगस्ट २०२३ मध्ये संपलेली. ताईंच्या हिशेबानं २७ महिने झाले, ८,१०० रुपये नुसता उशीर.

त्यांनी एकदा किक मारून दाखवली. पहिल्याच किकला लागली. काका, तुम्ही म्हणता ते ठोके... मी पाच मिनिटं नुसता उभा होतो.

मग मला म्हणाले, मारा तुम्ही. इथे एक गोष्ट सांगायची राहिली होती. माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालं आहे, २०२१ मध्ये. चालायला काही त्रास नाही. किक मारून बघितली नाही, म्हणालो घाई आहे.

अँपमीटर

हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. मी दोन तास टाइप केलं, एका बोटानं.

९८ ची बाद. ही चर्चाच नको. किकचा परतीचा झटका त्या गुडघ्यावर आला तर तुम्हालाच कोणाच्या तरी बाकावर बसावं लागेल. आणि मी माझी २०२२ ची शिफारस अजून पक्की करतो.

जरीपटका_ते_जंगल

मी नाही करत. काका, बजेट बघा त्यांचं. २०१३ ची ७५-७६ ला बसवली, टायर, चेन-सेट, हँडलचा कोनसेट, क्लच प्लेट सगळं नवं टाकलं तरी लाखाच्या आत येतात. उरलेले आरसीला. सेल्फ रोजचा, किक फक्त अडल्यावर, तीही कोणी शेजारचं पोरगं मारून देईल. यूसीईला हात लावणारा मिस्त्री आपल्याकडे दिघोरीतही सापडतो आणि उमरेडलाही. २०२२ ची रस्त्यात अडली तर स्कॅनर लावावा लागतो, भिवापूरला स्कॅनर कुठून आणणार?

अँपमीटर

२०२२ ची अडत नाही.

जरीपटका_ते_जंगल

मी विम्यात काम करते काका, हे वाक्य मला सांगू नका.

तर्री_जास्त

काका-ताईचं चालू द्या. भाऊ, वहिनीले कोणची आवडली ते सांगा ना.

दिघोरीकर

तेच सांगायला आलो.

काल संध्याकाळी दोघंही डीलरकडे गेलो. जीएसटीचा आकडा सांगितला आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो. फार कठीण असतं गप्प बसणं. तो १ लाख ४४ वर आला. गाडी खरंच लोण्यासारखी आहे, काका. वर्धा रोडच्या पुलापर्यंत नेऊन आणली, हाताला काही कळतच नाही. बायको मागे बसली होती. उतरल्यावर मी विचारलं, कशी वाटली? म्हणाली, "छान आहे. पण आवाज कुठे आहे? एवढ्यासाठी मी २००८ पासून ऐकून घेतलं का?"

डीलर हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं.

मग त्रिमूर्तीनगरला गेलो. तिथे ती सीटवर बसली आणि म्हणाली, हे फाटकं कव्हर बदलायचं, आणि बोचकं बांधायला मागे लोखंडी कॅरिअर लावायचं. म्हणजे निर्णय तिच्याकडून झालेला आहे. मूळचा सायलेन्सर घरी आहे, पलंगाखाली, स्वतः वाकून पाहिला. नंबरप्लेट लागलेली आहे. कर्ज २०१६ लाच संपलं, फॉर्म ३५ फाइलमध्ये आहे. ७८ म्हणतो, मी ७५ म्हणालो. रविवारी सकाळी सातला परत जायचं ठरलं, रात्रभर गाडीला हात लावायचा नाही अशी अट घातली आहे. सेल्फ सहा वेळा मारणार. टॉर्च घेतला आहे. ताई, सवड असेल तर याल का? पोहे माझ्याकडून.

जरीपटका_ते_जंगल

येते. सातला नाही, पावणेसातला. आधी पोचलं की गरम करायची संधी राहत नाही.

तर्री_जास्त

पोहे म्हटले का मी आहोच. तर्री जास्त.

अँपमीटर

माझं कोणी ऐकलं नाही, पण ठीक आहे. वहिनींचा मुद्दा मला खोडता येत नाही.

बॅटरी घेतल्याबरोबर नवी टाका, बाकी कामं महिनाभर थांबली तरी चालतील. क्लचची केबल एक जास्तीची सीटखाली ठेवा. आणि भिवापूरच्या पहिल्या फेरीला ७० च्या वर नेऊ नका, मागच्या मालकानं तेल कधी बदललं ते त्यालाही आठवत नसणार.

अजून एक. त्या महालच्या गृहस्थांचा नंबर मला मेसेजमध्ये पाठवा. सहज.

तर्री_जास्त

काका. "पहिली म्हणून नाही, दुसरी म्हणून." समजलो आम्ही.

अँपमीटर

आरसी संपलेली आहे, त्यांच्या घरात तिला जागा नाही, ८५ च्या वर कोणी देणार नाही. मी फक्त टायमिंग बघून येतो.

दिघोरीकर

पाठवला. जायच्या आधी फोन मात्र करू नका काका, नाहीतर गरम करून ठेवतील.